नागपूरच्या उन्हात अरौकेरिया: खरेदीपासून नवतप्यापर्यंत आणि त्यापुढे

डिसेंबरात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून आणलेले अरौकेरियाचे झाड नागपुरातील अनेक घरांत मे महिन्याच्या अखेरीस खालून तपकिरी पडू लागते. जूनमध्ये पाऊस येईपर्यंत त्याचा फक्त शेंडा हिरवा उरतो. दोष बहुधा पाण्याला किंवा उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक झाडे कामांचा क्रम चुकल्यामुळे जातात. आणल्या दिवशीच कुंडी बदलली जाते, लगेच खत घातले जाते, झाड पश्चिमेच्या गॅलरीत ठेवले जाते आणि उन्हाळ्याची तयारी उन्हाळा सुरू झाल्यावर आठवते. यांतले एकेक काम आपापल्या वेळी योग्यच आहे, पण त्याची वेळ वेगळी आहे.

पुढील टप्पे कुंडीतील झाडासाठी लिहिले आहेत. जमिनीत लावण्याचा विचार असलेल्यांनीही पहिले पाच टप्पे वाचूनच शेवटच्या टप्प्याकडे जावे.

## झाडाचा स्वभाव: कामापुरता

बाजारात ख्रिसमस ट्री म्हणून विकले जाणारे हे झाड म्हणजे अरौकेरिया हेटेरोफिला, अर्थात नॉरफोक आयलंड पाइन. ‘पाइन’ म्हटले जात असले तरी ते चिडाच्या कुळातील नाही. त्याचे मूळ घर न्यूझीलंड आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या दरम्यान प्रशांत महासागरात असलेले नॉरफोक बेट आहे आणि तेथे हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष ५० मीटरच्या वर जातो. त्या बेटावर भर उन्हाळ्यातही पारा तिशीच्या आत राहतो, हवा दमट असते आणि पाऊस वर्षभर विभागून पडतो. खारा वारा हे झाड सहज सोसते, म्हणून अनेक देशांत ते समुद्रकिनारी रांगेने लावलेले दिसते. कोरडा तापलेला वारा मात्र त्याच्या सवयीचा नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नेमका तोच वाहतो.

या झाडाची वाढ एकाच शेंड्यातून होते. शेंड्याच्या टोकाला कोवळ्या, मऊ सुयांची चांदणीसारखी जुडी असते. ती वर सरकत जाते आणि ठरावीक अंतरावर चार ते सात आडव्या फांद्यांचा एक थर सोडते. एकदा गळलेला थर त्या जागी पुन्हा येत नाही. शेंडा मोडला तर बाजूने एक किंवा अनेक शेंडे फुटू शकतात, पण मग पूर्वीचा सरळ, थरांचा डौल राहत नाही. तुळस किंवा जास्वंद छाटून पुन्हा भरगच्च करता येते, तसे या झाडाचे करता येत नाही. पुढील सर्व काळजी या एका गोष्टीसाठी आहे.

## टप्पा १: झाडाआधी जागा

खरेदीपूर्वी घरातील जागा ठरवावी. पूर्वेची किंवा उत्तरेची, भरपूर उजेड असलेली गॅलरी किंवा खिडकी सर्वांत चांगली. सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन झाडाला हितकारक असते. दक्षिणेकडील गॅलरीत ग्रीन नेट लावल्यास हिवाळा निभावतो. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारचे ऊन थेट येतेच, शिवाय तापलेली भिंत आणि फरशी सूर्यास्तानंतरही उष्णता सोडत राहतात. तेथे नेट लावूनही मे महिना निभावणे कठीण जाते.

घराच्या आतला अंधारा कोपरा हा दुसऱ्या टोकाचा अपघात आहे. अपुऱ्या उजेडात दोन थरांमधील अंतर वाढत जाते, फांद्या लोंबतात आणि झाड उंच पण विरळ होते. नंतर कितीही उजेड दिला तरी वाढलेले अंतर भरून निघत नाही.

तपासणी: दुपारी बाराच्या सुमारास ठरवलेल्या जागी दिवा न लावता वर्तमानपत्रातील बारीक अक्षर सहज वाचता आले पाहिजे, आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास तेथील भिंतीवर हात टेकवता आला पाहिजे. यांतली एक गोष्ट जरी जमली नाही तरी दुसरी जागा शोधावी.

## टप्पा २: रोप निवडणे

बाजारात ही रोपे डिसेंबरात सर्वाधिक दिसतात, पण खरेदीला योग्य काळ जुलै ते सप्टेंबर हा आहे. त्या काळात हवा दमट असते आणि नव्या जागी रुळायला रोपाला पुढे सहा-आठ महिने मिळतात. डिसेंबरात घेतलेल्या रोपाला जेमतेम तीन महिने मिळतात. डिसेंबरातच घ्यायचे असेल तर निदान रोप नीट पाहून घ्यावे.

प्रथम शेंडा पाहावा. टोकाची जुडी मऊ, फिकट हिरवी आणि शाबूत हवी. ती वाळलेली, मोडलेली किंवा चिकटपट्टीने बांधलेली असेल तर रोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्यानंतर थर मोजावेत आणि सर्वांत खालचा थर पूर्ण आहे का ते पाहावे. खोडावर गळलेल्या फांद्यांच्या खुणा गोलाकार दिसत असतील तर ते रोप एकदा तरी कोरडे पडलेले आहे किंवा अंधारात राहिलेले आहे.

मग कुंडीत वाकून खोडे मोजावीत. भरगच्च दिसावे म्हणून एकाच कुंडीत तीन-चार रोपे लावण्याची पद्धत आहे. ती सारी मिळून पहिली दोन वर्षे छान दिसतात, पुढे एकमेकांच्या फांद्या दाबतात. मोठे झाड वाढवायचे असल्यास एकच खोड असलेले रोप घ्यावे. अनेक खोडांचे रोप घेतले असेल तर ती ओढून वेगळी करू नयेत, कारण मुळे गुंतलेली असतात आणि या झाडाला मुळांची ओढाताण सोसत नाही. सर्वांत जोमदार खोड ठेवून बाकीची मातीलगत कापणे हा कमी धोक्याचा मार्ग आहे.

सावधान: फांदीच्या तुकड्यापासून केलेले रोप कधीच सरळ उभे वाढत नाही. आडव्या फांदीचे कलम आयुष्यभर आडवेच पसरते. रोप एका बाजूला लोळलेले, थर न धरणारे दिसले तर ते अशा फांदीचे असण्याची शक्यता असते. चमकी किंवा हिरवा-पांढरा रंग फवारलेली रोपेही टाळावीत, कारण तो थर पानांवरील रंध्रे बुजवतो आणि धुऊन निघत नाही.

अरौकेरियाची आणखी एक जात, अरौकेरिया कॉलम्नारिस, भारतात बरीच लावली जाते आणि लहानपणी दोन्ही जाती ओळखणे अवघड असते. कुंडीतील काळजी दोन्हींची सारखीच असते. कॉलम्नारिस मोठेपणी अरुंद खांबासारखी वाढते आणि विषुववृत्ताच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला, कलते. जमिनीत लावलेले झाड कलताना दिसले तर आधार देण्यात वेळ घालवण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

## टप्पा ३: पहिला महिना काहीही न करणे

हा टप्पा सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत जास्त मोडला जातो. आणलेले रोप ज्या पिशवीत किंवा कुंडीत आहे त्यातच ठेवावे. शेडनेटखाली, रोज फवारणीच्या हवेत वाढलेले ते रोप आता आपल्या घरातील कोरड्या हवेत आले आहे. त्याच आठवड्यात मुळे उघडी केली तर त्याला दोन्ही आघात एकदम बसतात. पहिले आठ-दहा दिवस ते पूर्ण सावलीत पण उजेडात असावे, त्यानंतर सकाळच्या उन्हात अर्ध्या तासापासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवावा. खत अजिबात देऊ नये. कुंडी दिसायला ओबडधोबड असेल तर ती मोठ्या शोभेच्या कुंडीत अलगद ठेवावी. हौसही भागते आणि मुळेही सुरक्षित राहतात.

डिसेंबरात सजावट करायचीच असेल तर हलके कागदी दागिने आणि न तापणारे एलईडी दिवे वापरावेत. शेंड्यावर चांदणी खोचू नये, ती मागच्या काठीला बांधावी. जेथून पुढची सारी वाढ व्हायची तेच टोक वजनाने मोडते, आणि हा प्रकार दरवर्षी घडतो.

## टप्पा ४: पाणी, आणि कोणते पाणी

‘दिवसाआड एक मग’ असा नियम या झाडाला लावता येत नाही. वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागली की खालच्या छिद्रातून पाणी निथळेपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. पुन्हा वरचा थर सुकेपर्यंत थांबावे. मुळांचा गोळा एकदा पूर्ण सुकला तर खालच्या फांद्या जातात, आणि सतत ओला राहिला तर मुळे कुजून त्याच फांद्या जातात. वरून परिणाम सारखाच दिसत असल्याने अंदाजाने पाणी वाढवणे धोक्याचे ठरते.

पाण्याच्या प्रतीकडे नागपुरात विशेष लक्ष द्यावे लागते. अनेक वस्त्यांतील बोअरवेलचे पाणी जड असते. ते वर्षभर घातल्यास मातीवर पांढरी साय धरते आणि नवी पाने पिवळट निघतात. या झाडाला किंचित आम्लधर्मी माती मानवते. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम आहे, एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही क्षारविरहित असल्याने चालते, आणि नळाचे पाणी पुरेसे आहे.

सावधान: कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंडीत ओतण्याची सवय घराघरांत आहे. त्या पाण्यातून रोज वाफ उडून जाते आणि क्षार टाकीतच घट्ट होत राहतात. उन्हाळ्याच्या अखेरीस टाकीच्या तळाला दिसणारा पांढरा खर हाच कुंडीत जातो. हे पाणी अरौकेरियाला देऊ नये.

## टप्पा ५: उन्हाळ्याची तयारी, होळीच्या आधी

झाड वाचते की जाते ते याच टप्प्यात ठरते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवे नाही आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की ओली माती असलेल्या झाडाचीही पाने सुकतात. मुळे जेवढे पाणी वर पाठवू शकतात त्यापेक्षा अधिक पाणी पानांतून उडते. म्हणून मेमध्ये पाणी दुप्पट करून हा प्रश्न सुटत नाही. त्याने तापलेल्या, ओल्या मातीत मुळे उकडून कुजतात. हवेतील ओलावा वाढवणे आणि कुंडी थंड ठेवणे हे खरे काम आहे, आणि ते फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू केले तर झाडाला सवय होते.

पहिले काम कुंडीचे. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते आणि कडेची मुळे सर्वांत आधी मरतात. ती कुंडी तिच्याहून चार-सहा इंच मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या फटीत जाड वाळू भरावी. वाळू रोज सकाळी ओली करावी. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडते आणि आतला भाग थंड राहतो. बाहेरच्या कुंडीलाही छिद्र असलेच पाहिजे, नाहीतर आतली मुळे पाण्यात उभी राहतात.

दुसरे काम आच्छादनाचे. मातीवर नारळाच्या शेंड्यांचा किंवा वाळक्या पानांचा दोन इंचांचा थर द्यावा. खोडाभोवती तीन बोटे जागा मोकळी सोडावी.

तिसरे काम सावलीचे. मार्चच्या मध्यापासून ५० टक्के ऊन अडवणारे आणि एप्रिलच्या मध्यापासून ७५ टक्के ऊन अडवणारे ग्रीन नेट लावावे. नेट झाडाला टेकू नये, कारण तापलेल्या नेटचा स्पर्श झालेली टोके जळतात. नेट केवळ डोक्यावर बांधून भागत नाही, पश्चिमेची बाजूही झाकावी लागते.

चौथे काम जागा बदलण्याचे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर झाड आत घेता आले तर घ्यावे. कूलरच्या खोलीतील दमट हवा त्याला बरीच मानवते. मात्र झाड कूलरच्या थेट झोतात नसावे, खिडकीच्या उजेडात पण झोताच्या बाजूला असावे. एसीच्या खोलीतील हवा थंड असली तरी कोरडी असते, म्हणून तेथे झाडाजवळ खडे आणि पाणी भरलेली पसरट ताटली ठेवावी, कुंडीचा तळ मात्र पाण्याला टेकू देऊ नये. गॅलरीत, कूलरच्या मागील बाजूला झाड ठेवून गारवा मिळेल असे मानणे चूक आहे. कूलर तेथून बाहेरची गरम हवाच ओढत असतो.

तपासणी: दुपारी चार वाजता कुंडीच्या पश्चिम बाजूला हात लावून पाहावा. हाताला चटका बसत असेल तर पाणी वाढवू नये, कुंडी हलवावी.

नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत झाडाला कोणतेही नवे काम लावू नये: छाटणी नाही, फवारणी नाही, खत नाही. पाणी सकाळी सातच्या आत द्यावे. गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी नळातून कढत येते, ते देऊ नये. पानांवर पाणी शिंपडायचे असल्यास सूर्य कलल्यावर सावलीतच शिंपडावे.

## टप्पा ६: कुंडी बदलणे, पाऊस स्थिरावल्यावर

वळवाच्या पहिल्या सरीने हुरळून जाऊ नये. त्यानंतर पुन्हा आठवडाभर कडक ऊन पडू शकते. जुलैमध्ये हवा सलग दमट राहू लागली की हे काम करावे. मुळे छिद्रातून बाहेर डोकावत असतील किंवा दिलेले पाणी क्षणात खाली जात असेल तरच कुंडी बदलावी, एरवी दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते.

नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त दोन इंच रुंद घ्यावी. फार मोठ्या कुंडीत मुळांपलीकडची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि आंबते. मिश्रणासाठी दोन भाग चाळलेली पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू (कन्हान नदीची धुतलेली वाळू चांगली), एक भाग कोकोपीट आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेले पानखत घ्यावे. शेतातील काळी माती यात वापरू नये. ती ओली असताना फुगून हवा कोंडते आणि सुकल्यावर तडकून मुळे तोडते. शिवाय विदर्भातील काळ्या मातीत चुनखडी बरीच आढळते, आणि संत्र्याच्या बागायतदारांना चुनखडीच्या जमिनीतील पिवळी पाने चांगली परिचयाची आहेत. तोच त्रास येथे होतो.

तपासणी: मूठभर सुकी माती बारीक करून तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे उठले तर ती माती चुनखडीची आहे, दुसरी आणावी.

क्रम असा ठेवावा: आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्यावे. नव्या कुंडीच्या छिद्रावर खापरीचा तुकडा पालथा ठेवून तळाला मिश्रण घालावे. झाड आडवे धरून, फांद्या जुन्या चादरीत सैल गुंडाळून, कुंडी ठोकून गोळा सरकवून काढावा. खोड धरून ओढू नये. गोळ्याची माती झटकू नये, केवळ तळाला गोल फिरलेली मुळे असतील तर तेवढी बोटाने मोकळी करावीत. पूर्वी खोड जेवढे मातीत होते तेवढेच आताही ठेवावे. भरल्यावर मिश्रण काठीने हलके ठोकावे, पाणी द्यावे आणि पंधरा दिवस सावलीत ठेवावे.

## टप्पा ७: खत, कीड आणि कुंडी फिरवणे

खत ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारीत, तेही अर्ध्या मात्रेत. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते. नवी पाने पिवळी आणि जुनी हिरवी असतील तर ती लोहाची कमतरता असू शकते, आणि तेव्हा अधिक शेणखत घालण्याऐवजी ईडीडीएचए प्रकारचे आयर्न चिलेट (झाडाला शोषता येईल असे लोहाचे खत) पाकिटावरील मात्रेने द्यावे.

कोरड्या हवेत लाल कोळी ही अगदी बारीक कीड येते. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी झटकावी, कागदावर हलणारे ठिपके दिसले तर झाड सावलीत नेऊन पाण्याच्या बारीक फवाऱ्याने धुवावे. फांद्यांच्या बगलेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो, कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढावा. निंबोळी तेल संध्याकाळीच, आणि पारा चढलेला असताना मुळीच नाही.

दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवावी, म्हणजे झाड खिडकीकडे झुकत नाही. घरात कुत्रे किंवा मांजर असल्यास ते पाने चघळणार नाही असे पाहावे, त्याने उलट्या होऊ शकतात.

## तपकिरी रंग कोठे आहे, ते आधी पाहावे

फक्त टोके तपकिरी आणि कुरकुरीत असतील तर हवा कोरडी आहे किंवा पाणी क्षाराचे आहे. एकाच बाजूच्या, विशेषतः पश्चिमेच्या, फांद्या भाजल्या असतील तर ते ऊन आहे. खालचे थर पिवळे पडून मऊ लोंबत असतील आणि मातीला आंबूस वास येत असेल तर मुळे कुजत आहेत, पाणी ताबडतोब थांबवावे. खालचा थर वाळून गळत असेल आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागत असेल तर गोळा सुकला आहे. अशा वेळी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून निथळू द्यावी, कारण सुकलेल्या गोळ्यावरून वरचे पाणी कडेने वाहून जाते. आतली एखाद-दुसरी जुनी फांदी वर्षाकाठी वाळणे नैसर्गिक आहे. वाळलेली फांदी खोडालगत कापावी, हिरवी कधीही कापू नये.

## टप्पा ८: छताला टेकल्यावर

घरात हे झाड वर्षाला वीतभर, क्वचित थोडे जास्त वाढते. ते छताला टेकण्याचा दिवस येतोच, आणि तेव्हा शेंडा छाटण्याचा मोह होतो. त्याऐवजी दोनच मार्ग उरतात: झाड उंच छताच्या किंवा मोकळ्या जागेला देणे, अथवा जमिनीत लावणे.

जमिनीत लावताना कुंडीतले रूप विसरून पूर्ण वाढलेला वृक्ष डोळ्यांपुढे आणावा. भिंतीपासून, सांडपाण्याच्या नळ्यांपासून किमान सात-आठ मीटर अंतर ठेवावे आणि डोक्यावर विजेची तार नसावी. मान्सूनपूर्व वादळांत उंच, एकटे झाड वाऱ्याला आणि विजेला उघडे असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात वाढलेले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही, त्यामुळे चुकीची जागा नंतर सुधारता येईल असे गृहीत धरू नये.

काळ्या मातीच्या भूखंडावर खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरणे ही नेहमीची चूक आहे. पावसाळ्यात भोवतालची चिकण माती पाणी शोषत नाही आणि तो खड्डा हौदासारखा भरून राहतो. खड्डा गोळ्याच्या खोलीएवढाच पण तिप्पट रुंद घ्यावा, खणलेल्या मातीतच वाळू व पानखत मिसळावे आणि झाड भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच वाफ्यावर बसवावे. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेला नेटचा आडोसा लागतो. आधाराच्या काठीची दोरी सैल, आठच्या आकड्यात बांधावी आणि वर्षाने सोडावी.

या वृक्षाचे लाकूड फिकट असते आणि फांद्यांच्या थराजवळच्या कापात गाठी चांदणीसारख्या उमटतात, म्हणून हवाईसारख्या ठिकाणी लेथवर त्याचे वाडगे कातले जातात. परवानगीने काढावे लागलेले झाड सरपणात घालण्यापूर्वी खोडाचे थराजवळचे तुकडे एखाद्या खरादी काम करणाऱ्याला दाखवावेत. कापलेली टोके त्याच दिवशी मेणाने किंवा ऑइल पेंटने बंद करावी लागतात, नाहीतर आपल्या कोरड्या हवेत ती लवकर तडकतात.